तलावाच्या पानावरचे पाय

मी चौथी नापास. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, म्हणजे कोणाला मागून शोधून काढायचं सुख मिळायला नको. माझं अक्षर पाहून भल्याभल्यांनी चष्मे पुसले आहेत, तेही इथेच लिहितो. परवा साकोलीला एका लग्नात शेजारच्या खुर्चीवरचा शिकलेला माणूस मला म्हणाला, "काका, आपल्या झाडीपट्टीत होतं काय हो? धान, मासोळ्या अन् जंगल. त्या रंगीत चित्रांच्या पोथ्या वगैरे सारं तिकडं, राजस्थानात." माझ्या हातात मठ्ठ्याचा ग्लास होता. तो मी खाली ठेवला आणि उठून दुसऱ्या रांगेत जाऊन बसलो. नातू म्हणतो, "आबाजी, तुमी लगेच तापता." तापतो. ज्याची बोटं पेजेच्या खळीत भिजून भिजून पांढरी पडायची, त्याला कोणी तोंडावर म्हणावं की इथे काही नव्हतंच, तर त्यानं काय हसून मान हलवावी? तापूनच लिहायला बसलो आहे. थंड डोक्यानं लिहिणारे दुसरे पुष्कळ आहेत.

माझं गाव नाकाडोंगरी. घरामागे जंगल, घरापुढे मँगनीजच्या खाणीचा रस्ता. बाबा खाणीत जायचे. त्यांच्या धोतराला, डोळ्यांच्या कडांना, ज्या पाटावर बसून जेवायचे त्या पाटाला काळी धूळ असायची. माझी शाळा सुटली तेव्हा ते म्हणाले, "चाल उद्यापासून माह्यासंगं." आई म्हणाली, "घरातला एक मानूस काळा झाला, तेवढं पुरे." आणि तिनं मला आपल्या बहिणीकडे, कोंढ्याला, नेऊन सोडलं. मावशीला एकच मुलगी, सुमी, माझ्याहून लहान. मावसाजींचं नाव गोमाजी. धानाची शेती होती, पण सारा मुलूख त्यांना पोथीवाले म्हणायचा. देवळा-मठांमधल्या हाती लिहिलेल्या जुन्या पोथ्या विरायला लागल्या की कपड्यात बांधून लोक त्या मावसाजींकडे आणत, आणि मावसाजी जुन्या वळणाच्या अक्षरात जशीच्या तशी नवी पोथी उतरवून देत, समासातल्या वेलबुट्टीसकट, चित्रांसकट. ही विद्या त्यांच्या घरात किती पिढ्यांची, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

त्या घराचा आवाज मला अजून ऐकू येतो. पहाटे मावशी ढेकीवर धान कांडायची, आणि दिवसभर ओसरीवर कागद घोटण्याचा आवाज, ओल्या अंगणातून कोणी सूप ओढत नेतंय असा. कागद हाताचा, खरबरीत. त्याला आधी तांदळाच्या पेजेची खळ लावायची, सावलीत सुकवायचा, मग नदीतल्या गुळगुळीत गोट्यानं घोटायचा, घोटायचा, त्यावर माशी बसली तर घसरावी इथपर्यंत घोटायचा. मावशी भात रांधायची तर पहिली दाट पेज कागदाला, पातळ राहिली तर आम्हाला. मी एकदा म्हणालो, "मावशे, आपल्याघरी कागद जेवते अन् मानसं पाहत राह्यते." ती म्हणाली, "कागद तक्रार करत नाही न बापू." पण लाखोळीची डाळ ती अशी करायची, वरून जवसाच्या तेलाची फोडणी, की पातळ पेजेचं दुःख राहत नसे. तलावातले झिंगे सुकवून भाजायची तेव्हा मावसाजी ओसरीवरून ओरडत, "वास इकडं येऊ देऊ नको, रंग नासते." वासानं रंग नासत नाही. त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि हात हलायचा, एवढंच.

पहिला कितीतरी काळ मी फक्त घोटत होतो. मग बोरू करायला मिळाला. तलावाच्या काठचा बोरू आणायचा, सुकवायचा, तिरपा कापायचा, जिभेला मधोमध चीर द्यायची. शाईसाठी जवसाच्या तेलाचा दिवा लावून त्यावर खापर पालथं धरायचं, जमलेलं काजळ खरवडायचं, धावड्याचा डिंक आणि पळसावरच्या लाखेचं पाणी घालून खलात घोटत बसायचं. तिथेही घोटणंच. तांबडा हिंगुळाचा, पिवळा हरताळाचा, निळा निळीचा, आणि कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा. एका लांब पाटीवर दोरे ताणून बांधलेले असत. ती कागदाखाली धरून वरून दाबलं की कागदावर ओळी उमटत. मी पहिलं अक्षर काढलं तर मावसाजी म्हणाले, "हे काय बे? ओळीवर बसवलं? अक्षर ओळीवर बसत नसते. दोरीले वटवाघूळ लोंबते, तसं लोंबलं पाह्यजे." आजची पोरं अक्षर ओळीवर बसवतात आणि पाठ वाकलेल्या म्हाताऱ्यासारखं ते खाली घसरत जातं. पाहवत नाही.

मावसाजींचा नियम एकच होता. जसं दिसलं तसं. एका पोथीत जुन्या लेखकानं एक शब्द चुकून दोनदा लिहिला होता. कोणाच्याही लक्षात आली असती अशी चूक. मी तो एकदाच लिहिला आणि मनात म्हणालो, पोथी सुधारली. मावसाजींनी ओळ पाहिली, हातातली लाकडी पट्टी उचलली आणि माझ्या बोटांच्या पेरांवर हाणली.

"मूळच चुकलेलं होतं, मावसाजी!"

"चुकला असन तो. तुले कोनं सांगतलं त्याले सुधरवायले? उद्या तुह्या मागचा तुले सुधरवन, त्याच्या मागचा त्याले. मंग पोथी राहिली कोठी? आपन लिवत नाही बे. आपन उतरवतो."

हात सुजला. मावशीनं हळद-तेल लावलं. पण मला राग आला नाही, कारण माणूस बरोबर होता. असा नियम असलेला माणूस मी त्याआधी पाहिलाच नव्हता. बाबांच्या खाणीत मुकादम आला की दगडाचं वजनसुद्धा बदलायचं. इथे एका शब्दापुढे कोणाचंही चालत नव्हतं. मी त्या माणसावर जीव टाकला, हे स्पष्ट लिहितो, म्हणजे पुढचं कळेल.

कोंढ्याच्या तलावावर देवी आहे आणि तिची हाती लिहिलेली पोथी होती. तलावाची मातीची पाळ बांधता बांधता कशी फुटायची, मग देवीनं काय सांगितलं, पाळ कशी टिकली, असा सारा मजकूर. मधे एक चित्राचं पान, त्याला सारे तलावाचं पान म्हणत. दरवर्षी रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, आधी ते पान पाळीवर आणायचे. रोवणा करणाऱ्या साऱ्या बाया यायच्या आणि चित्रातल्या पायांना बोटानं तेल-हळद लावायच्या. मगच धानाच्या शेतात, बांधीत, उतरायचं, चिखलात परे, धानाची रोपं, रोवायला. चित्रात पाळीची माती वाहणाऱ्या बाया होत्या. त्यांच्या पायांना हळद लावल्याशिवाय कोंढ्यातली एकही बाई धानाला हात लावत नसे. भटजी नाही, मंत्र नाही. ते बायांचं होतं.

देवळाची भिंत ओलीची. पोथीला उधळी, म्हणजे वाळवी, लागली. ती आमच्या घरी आली तेव्हा मावसाजींनी कपडा सोडला. तलावाच्या पानाचा वरचा सारा भाग चाळणी झाला होता, हात लावला तर भुगा. खाली मात्र पायांची रांग जशीच्या तशी. कोणाच्या ध्यानात येईल ते? वर्षानुवर्षं बायांनी तिथेच तेल-हळद लावली होती. जिथे बायांचं बोट लागलं, तिथे उधळीनं तोंड लावलं नव्हतं. अनवाणी पाय, घोट्यापर्यंत चिखल, बोटांत जोडवी, आणि एकीच्या पायाशी खाली ठेवलेली टोपली. वर काही नाही.

पोथी देवीची, पण तिचा कारभार गावातल्या मालगुजारांच्या घराकडे. त्या घराचं नाव मी लिहीत नाही. त्यांची नातवंडं आज मला रस्त्यात पाहून गाडी थांबवतात, त्यांचा काय दोष? तेव्हाचे धाकटे मालक, त्यांना सारे भाऊसाहेब म्हणत, नागपुरात शिकून आले होते. त्यांनी निरोप धाडला की नवी पोथी पूर्ण पाहिजे, अर्धं पान देवळात चालणार नाही. मावसाजींच्या कपाळाला आठी पडली. जे दिसत नाही ते कसं उतरवायचं? मग मला म्हणाले, "तू काढ. पाय पाहून बाया उभ्या कर. माह्या हातानं होनार नाही." मला स्वर्ग दोन बोटं उरला. मी मावशीला विचारलं, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारलं, वर काय होतं? सगळ्या एकच सांगत. लुगडी गुडघ्यावर खोचलेली, डोक्यावर टोपल्या, आणि सगळ्यात पुढची हासत होती. मावशी म्हणाली, "लहानपनापासून पाहत आली मी तिले. दात दिसत होते तिचे." मी तशाच काढल्या. खारीच्या केसाचा कुंचला, एकेका लुगड्याची किनार, टोपलीतून गळणारं पाणी. त्या पानावर मी जेवण विसरलो. मावसाजींनी पाहून "हूं" केलं. त्यांचं "हूं" म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक त्यालाच ठाऊक.

भाऊसाहेब जीपगाडीनं आले. ओसरीवर खाट टाकली, त्यावर बसले, पान हातात घेतलं.

"गोमा, हे काय? रोवणा चालू आहे की बाजार?"

"पाळीच्या बाया आहेत, भाऊसाहेब. जुन्या पानावर होत्या."

"तलाव कोणी बांधला? आमच्या पणजोबांनी. ते कुठे आहेत यात?"

मावसाजी म्हणाले, "ते पानावर नव्हते."

"नव्हते कसे? वरचं तर उधळीनं खाल्लं, तूच म्हणतो. तिथेच असतील. हत्ती काढ, अंबारी काढ, आत पणजोबा बसव. देवळात शोभून दिसेल."

"खालती पाय आहेत न, भाऊसाहेब."

"मग हत्तीचे पाय काढ. पाय ते पाय."

माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, "हत्ती जोडवी घालते काय?"

जीपचा ड्रायव्हर फसकन हसला आणि लगेच खोकला. भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, जसं चपलेला काय लागलं ते पाहावं तसं. "हा कोण?"

आणि मावसाजी, माझे मावसाजी, हात जोडून म्हणाले, "साळीचा पोरगा आहे, मालक. चौथी नापास. समजत नाही त्याले."

चौथी नापास मी होतो. आजही आहे. पण समजत नाही? ज्यानं माझा हात घडवला त्या माणसानं हे म्हणावं! माझे कान असे पेटले की पुढचं बोलणं मला ऐकू आलं नाही. जीप गेली. मावसाजींनी नवा घोटलेला कागद घेतला आणि हत्तीची रेघ ओढायला बसले.

"मावसाजी, मले एका शब्दासाठी पट्टी मारली होती तुमी."

"हाव."

"तो शब्द तर चुकीचा होता. हे तर बरोबर आहे. अन् हे तुमी बदलून राहिले?"

"पोथी ज्याची, त्याचं ऐका लागते."

"पोथी देवीची आहे!"

"देवी बोलत नाही," मावसाजी मान वर न करता म्हणाले. "भाऊसाहेब बोलते. त्याच्या बांधीतून पानी येते आपल्या बांधीत. तुले काय समजते?"

ती पाण्याची गोष्ट खरी होती. खरी होती म्हणून मला जास्तच राग आला. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं. खऱ्या भीतीनं वाकलेल्या माणसाचं काय करावं? आज पन्नाशीतले लोक मला म्हणतात, पोट आहे, समजून घ्यावं. समजून घेतलं की सारंच चालतं, म्हणून मी समजून घेत नाही.

मावशीनं हत्ती पाहिला. दुपारी ताटं वाढली तर नुसता पांढरा भात. मावसाजी म्हणाले, "वरण?"

"हत्तीनं खाल्लं," मावशी म्हणाली आणि आत गेली.

आता रिवाज सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एका देवीच्या दोन पोथ्या गावात राहत नाहीत. नवी उघडली की जुनी कपड्यात बांधून सवाशिणीच्या डोक्यावर द्यायची आणि त्याच दिवशी तलावात सोडायची. म्हणजे हत्तीची पोथी देवळात बसली की ते पाय पाण्यात. गावात ते पान दुसरं कुठे नव्हतं. मी माझं बायांचं पान लपवून ठेवायला गेलो तर भाऊसाहेबांच्या माणसानं आधीच नेलं होतं. त्याचं काय केलं, मला कोणी सांगितलं नाही.

रोवण्याच्या आधीचा तो दिवस. पाळीवर बाया जमल्या, वाट्यांत तेल-हळद. भाऊसाहेबांनी स्वतः नवी पोथी उघडली आणि तलावाचं पान वर धरलं. हत्ती फार सुरेख काढला होता, हे मान्य करतो. मावसाजींच्या हातून वाईट काही निघतच नसे, वाईट कामसुद्धा सुरेख निघायचं. बाया जवळ आल्या, पाहिलं, आणि थांबल्या. एक म्हातारी वाकून वाकून पान पाहत होती.

"पाय कोठी आहेत?"

"हे काय, हत्तीचे," भाऊसाहेब म्हणाले.

"हत्तीले हळद लावू? हा काय येते रोवणा कराले?"

बाया पदरात हसायला लागल्या. एक म्हणाली, "येऊ द्या न, माहा परा त्यालेच देतो." दुसरी म्हणाली, "वर बसला तो कोन? त्याले उतरवा आधी चिखलात." भाऊसाहेबांचा चेहरा कुंकवासारखा झाला. सगळ्यांनी वाट्या खाली ठेवल्या. कोणी पानाला हात लावला नाही.

"आधी जुनी सोडा," भाऊसाहेब म्हणाले. "ती आहे तोवर यांचं हेच चालेल." त्यांनी मावशीला बोलावलं. पोथी आमच्या घरून आली होती, म्हणून गाठोडं मावशीच्या डोक्यावर जायचं होतं. मावशीनं दोन्ही हात मागे घेतले.

"नाही नेत."

"गोमा, बायकोला सांग."

मावसाजींनी मावशीकडे पाहिलं. मग गाठोडं त्यांनी स्वतःच उचललं, डोक्यावर घेतलं आणि पाळ उतरले.

तलावात पाणी कमी होतं. काठाचा सारा गाळ, पाणी दूर मध्यावर. पोथी बुडवायची तर कमरेइतक्या पाण्यात जावं लागणार होतं. मावसाजी चालत होते, पाय गाळात रुतत होते, पचक पचक आवाज येत होता, दुसरा आवाज नाही. मी काठावर धावलो, ओरडलो, "मावसाजी!" ते वळले नाहीत. मावशीनं हाक मारली, जशी रोज मारायची तशी, "अजी! अजी, ऐकून राहिले काय!" नाही ऐकलं. पाणी गुडघ्याला लागलं. पाणी मांडीला लागलं.

"गोमाजी!"

मावशीचा आवाज होता. पाळीवरच्या बायांचे हात तोंडावर गेले. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव लग्नात उखाण्यात घेते, मग आयुष्यभर नाही. घरातल्या दुसऱ्या कोणाचं तेच नाव असेल तर त्यालाही वेगळ्या नावानं हाक मारते. मी मावशीच्या तोंडून ते नाव कधी ऐकलं नव्हतं. सुमीनं ऐकलं नव्हतं. आणि मावशी पाळीवर उभी राहून, साऱ्या गावासमोर, भाऊसाहेबांसमोर, जसं वाट चुकलेल्या बैलाला दटावावं तसं म्हणाली, "गोमाजी, मांगं फिर."

मावसाजी थांबले. पाठ आमच्याकडेच. किती वेळ उभे होते, मला सांगता येणार नाही. मग वळले आणि आले तसे गाळ तुडवत परत आले, गाठोडं डोक्यावरच. काठाला येऊन मावशीसमोर उभे राहिले. मांडीपर्यंत चिखल.

"नाव घेतलं?" ते म्हणाले.

"घेतलं. अजी म्हणून बोलावलं तवा बहिरे झाले होते न."

तिनं त्यांच्या डोक्यावरून गाठोडं उतरवलं, तिथेच पाळीवर उघडलं, तलावाचं जुनं पान सुपात ठेवलं. बाया एकेक करून आल्या, बोट बुडवलं, पायांना हळद लावली आणि सरळ बांधीत उतरल्या. भाऊसाहेबांनी नवी पोथी कपड्यात गुंडाळली, जीपमध्ये टाकली आणि निघून गेले. ती पोथी पुन्हा देवळात आली नाही. त्या वर्षी आमच्या बांधीला पाणी उशिरा सुटलं, मावसाजींना भीती होती तसंच झालं. धान पिवळं पडलं.

इथे गोष्ट संपवली असती तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. पण मला अजून बरं वाटत नाही, ते का, ऐका.

रोवणा आटोपल्यावर मावसाजी एका सकाळी म्हणाले, "कागद घोट. ते पान टिकत नाही आता, दुसरं उतरवून ठेवू. कोनाच्या सांगन्यावरून नाही, आपलंच." मला वाटलं, माणूस परत आला. मी असा कागद घोटला की तसा आजवर घोटला नाही. पाय उतरवले, एकेक जोडवं, टोपलीची वीण. मग वरच्या बाया काढायला कुंचला उचलला तर मावसाजींनी माझं मनगट धरलं.

"बस. एवढंच."

"वरचं?"

"वरचं आपल्याले दिसलं नाही. जसं दिसलं तसं."

"मावशीले दिसलं! गावातल्या साऱ्या बायांले दिसलं! लहानपनापासून!"

"ऐकलेलं अन् दिसलेलं एक नसते."

"अन् हत्ती? तो दिसला होता तुमाले?"

त्यांनी मनगट सोडलं नाही. त्या हातात अजून ताकद होती. आता सांगा, हा कुठला न्याय? मालकासाठी नियम मोडला तो हत्तीएवढा मोडला, आणि मग नियमाची आठवण आली ती बायांवर. ज्यांनी त्या माणसाला चिखलातून परत आणलं, त्यांच्याच वाट्याला कोरा कागद! मी कुंचला धुतला, जागेवर ठेवला आणि पिशवी घेऊन नाकाडोंगरीला निघून आलो. मावशी बसपर्यंत आली, भाजलेले झिंगे फडक्यात बांधून दिले. म्हणाली, "तू भी त्याहिच्यासारखाच आहेस, अडेल." पुढे मी शेती केली, बैलगाड्यांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर अक्षरं लिहिली, आणि तुमसरच्या बाजारात लोक माझी पाटी लांबून ओळखायचे. पोथी मात्र पुन्हा उतरवली नाही. कोंढ्याला सुखदुःखाला जात राहिलो. मावसाजी गेले तेव्हाही गेलो, खांदा दिला. माफ केलं का? नाही. आवडायचे का? फार.

जुनं पान पुढे विरलंच. बाया आता माझ्या पानावरच्या पायांना हळद लावतात. पान सुमीच्या घरी असतं. मागच्या वर्षी मी गेलो होतो. शहरातून आलेला कोणी एक पोरगा मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढत होता आणि बायांना समजावून सांगत होता की वरची मोकळी जागा किती अर्थाची आहे, चित्रकारानं किती विचार करून सोडली असेल, जणू आभाळच. बाया माना डोलावत होत्या. मी काठी आपटली. विचार कसला? आभाळ कसलं? ते माझं धरलेलं मनगट आहे! त्या पोराला वाटलं म्हातारा भ्रमिष्ट आहे, आणि त्यानं माझाही एक फोटो काढला.

म्हणून या वर्षी ठरवलं आहे. सुमीला फोनवर सांगून टाकलं, रोवण्याच्या आधी चार दिवस येतो, पान काढून ठेव. ती म्हणाली, "दादा, माह्या बाबांचं मन मोडन." मी म्हणालो, "तुह्या आईचं मोडलं होतं तवा कोनी इचारलं?" ती म्हणाली, "जेवाले काय करू?" म्हणजे ये, असंच झालं. हिंगूळ नागपूरहून मागवला आहे. खारीचे केस आता मिळत नाहीत, आणि माझा हात थरथरतो. थरथरू दे. डाव्या हातानं उजवा धरीन. बाया वर उभ्या करणार आहे, एकेक करून, डोक्यावर टोपल्या, आणि सगळ्यात पुढच्या बाईचं तोंड उघडं काढणार आहे, हाक मारताना उघडतं तसं.